काढलेली दाढ परत आली तेव्हा

मला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. चेहरेही धूसरच राहतात. दात मात्र राहतात. दुकानात भेंडी निवडताना शेजारचा एखादा गृहस्थ हसतो आणि मला एकदम आठवतं, ह्याच्या उजव्या सुळ्यामागे मी सिमेंट भरलं होतं, तेव्हा बाहेर धुळीचं वादळ होतं आणि क्लिनिकमधली वीज जाऊन आली होती. तो म्हणतो, ‘डॉक्टर, पहचाना?’ मी ‘हो, हो’ म्हणते. नाव काही केल्या आठवत नाही, मग आम्ही दोघं भेंडीच्या भावाविषयी बोलतो.

आता काम सोडलंय. दुपारी शारजातल्या अल नहदा वस्तीत, आमच्या बाल्कनीत चहा घेऊन बसते. समोरच्या टॉवरच्या काचांवरून ऊन सरकत जातं, खाली दुबईकडे निघालेल्या गाड्या हलता हलत नाहीत, आणि जराशी झापड आली की कुणी ना कुणी माझ्या खुर्चीत येऊन बसतं. तोंड उघडतं. मी आरसा आत घालते. माणूस कोण ते कळायच्या आधी दात ओळखीचे वाटतात. माझी मुलगी सना इथंच वाढली. ती दारातून म्हणते, ‘ममा, यू आर डुइंग इट अगेन. युअर हँड इज मूव्हिंग.’ बघते तर खरंच, उजवा हात हवेत आरसा धरून असतो आणि चहा गार झालेला असतो.

आमचं क्लिनिक शारजा औद्योगिक क्षेत्राच्या कडेला, एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली गॅरेजवाल्यानं ड्रिल सुरू केलं की वर माझा पेशंट किंचाळायचा, मी अजून हातही लावलेला नसायचा. पेशंट बहुतेक कामगार. वेल्डर, सुतार, ड्रायव्हर, एसी दुरुस्त करणारे. बहुतेकांचा आरोग्यविमा कंपनीनं काढलेला असायचा, ते विम्याचं कार्ड खिशात सांभाळत यायचे. पठाण, मल्याळी, बंगाली, नेपाळी, आणि अधूनमधून आमच्या रत्नागिरी-रायगडकडचं कुणी. तसा कुणी आला की माझी जीभ आपोआप घरी जायची.

दाताच्या डॉक्टरला औषधं ती काय लिहायची, असं लोकांना वाटतं. सुजेची गोळी, दुखण्याची गोळी, गुळण्या. पण दुखण्याच्या गोळ्यांत काही अशा असतात की त्यांची चटक लागते. इथं तशी गोळी चिठ्ठीशिवाय खिशात सापडली तर माणूस कोठडीत जाऊ शकतो. म्हणून आमच्या चिठ्ठ्यांना चेकबुकाची इज्जत होती. जोरकस गोळ्यांचं पॅड वेगळं, ते कुलपात. गोळ्या किती, ते आकड्यात लिहायचं आणि अक्षरातही. शेवटच्या ओळीखाली जागा उरली तर तिरकी रेघ ओढायची, म्हणजे मागाहून कुणी एखादं औषध घुसडू नये. कोऱ्या कागदावर सही करून ठेवायची नाही. पुढे हे सगळं कॉम्प्युटरवर गेलं. पेशंटचं कार्ड यंत्रात घालायचं, फोटो आणि माणूस ताडून बघायचा, तोंड तपासायचं, मगच लिहायचं. चिठ्ठी परस्पर फार्मसीत पोचते. चिठ्ठीवर ज्याचं नाव त्यालाच औषध, दुसऱ्या कुणाला एक गोळीही नाही.

माझ्या सोबतचे डॉक्टर ह्या नियमांना कंटाळायचे. मला ते आवडायचे. मी मुळात स्वप्नाळू बाई. घरी भाजीत मीठ घातलं की नाही हे मला विचारून उपयोग नसतो, आमचे हे आधी चव बघतात आणि मग मला सांगतात. मला नियम म्हणजे जिन्याचा कठडा होता. हात त्याच्यावर असला की मन कुठंही भटकलं तरी पाय चुकत नसे.

खालच्या कोपऱ्यावर शाजीची फार्मसी होती. मल्याळी, बोलायला गोड, नजर घारीची. एकदा त्याचा फोन आला, ‘डॉक्टर, आपने दस गोली लिखा या सौ?’

‘अक्षरात काय आहे?’

‘अक्षर में टेन है. नंबर में एक झीरो ज्यादा है. झीरो बहुत सुंदर बनाया है.’

‘मग दहाच.’

‘खलास,’ शाजी म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

ते शून्य काढणारे साहेब दुबई मरीनातून यायचे. अत्तराचा असा घमघमाट की ते जिन्यात असतानाच आमच्या रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी रोझा खिडकी उघडायची. घरातून बोटी दिसतात, रात्री पाण्यात दिवे उतरतात, हे सगळं ते तोंडात बोळा असतानाही सांगायचे. असा माणूस तिथले चकचकीत दवाखाने सोडून गॅरेजांच्या वस्तीत दात दाखवायला का येतो, हा साधा प्रश्न मला पडायला उशीरच लागला. मी त्या बोटींतच बसले होते. त्या शून्यानंतर साहेब पुन्हा दिसले नाहीत. दात मात्र फार सुरेख होते त्यांचे, अजून दुपारी येतात.

सगळे असे नव्हते. एकदा एक बाई आली, नवरा ड्रायव्हर, दाढेत कळा, पण ड्युटीवरून सोडत नाहीत. ‘त्यांच्यासाठी गोळी लिहून द्या, मी नेते.’ मी म्हटलं, माणूस बघितल्याशिवाय लिहिता येत नाही, संध्याकाळी घेऊन या, मी थांबते. ‘थांबते’ हा शब्द बहुतेक तिच्या कानावर पडलाच नाही. ती दार लोटून निघून गेली. संध्याकाळी मी दिवा लावून बसले होते. कुणी आलं नाही. नियम बरोबर होता आणि मी वागले तेही बरोबरच होतं, तरी त्या बाईची मला रुखरुख वाटते. तिचं तोंड मी कधी तपासलं नाही, म्हणून ती झोपेतही येत नाही.

आणि मग युसुफ.

युसुफ आमच्याच बाजूचा, श्रीवर्धनकडचा. एसी मेकॅनिक. त्याची खालची डावी मोठी दाढ मी काढली होती. मुळं गळासारखी वाकलेली, दाढ काही केल्या सुटेना. मी घामाघूम झाले आणि हा खुर्चीतून मलाच धीर देत होता, ‘आपा, आरामसे. दोघांना कुठं जायचंय?’ शेवटी निघाली. अशी दाढ दाताचा डॉक्टर विसरत नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी, थंडीतल्या एका सकाळी शारजावर धुकं उतरलं होतं. इथलं धुकं उतरलं की सगळं गाव वितळल्यासारखं होतं. खिडकीतून समोरची गॅरेजं नाहीशी झाली होती, नुसता पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता, कुठून ते कळत नव्हतं. बसगाड्या रखडल्या होत्या, पेशंट नव्हते. मी खिडकीशी उभी राहून आमच्या गावच्या खाडीत पोचले होते. मागून रोझा म्हणाली, ‘डॉक, युसुफ इज बॅक. व्हेरी बिग फेस.’

मफलर नाकापर्यंत गुंडाळलेला. डावा गाल सुजून डोळा बारीक झालेला. रोझानं कार्ड यंत्रात घातलं, फोटो बघितला. तशीच दाढी, तसंच कपाळ. आणि एवढी सूज आल्यावर आईसुद्धा पोराला पटकन ओळखायची नाही. मी नेहमीचे प्रश्न विचारले. नाव, जन्मतारीख, कंपनी. शुगर? प्रेशर? कुठल्या औषधाची ॲलर्जी? तो शाळेत कविता म्हणावी तसा भराभर सांगत गेला. ‘नो शुगर, नो प्रेशर, नो ॲलर्जी.’ स्क्रीनवरही तेच होतं. सूज बघून काय लिहायचं ते माझ्या मनात ठरलंही होतं. पेनिसिलिनच्या जातीची गोळी, आम्ही सगळे तीच आधी लिहितो.

दिवा ओढला. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. कसाबसा आरसा आत सरकवला, आणि तिथं, खाली डावीकडे, मी काढलेली दाढ पुन्हा जागेवर उभी होती.

आधी वाटलं, आपल्याला डुलकी लागली. त्या धुक्यात ते अशक्य नव्हतं. मी आरसा बाहेर काढून पुसला आणि पुन्हा घातला. दाढ होतीच. मधोमध काळं भोक, भोवती हिरडी फुगलेली. स्क्रीनवर युसुफचा दाढ काढल्यानंतरचा एक्सरे उघडला, तिथं मोकळी जागा. काढलेली दाढ पुन्हा उगवत नाही, एवढं तर कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकवतात.

मी खुर्ची वर घेतली, मास्क काढला आणि आपल्या बोलीत विचारलं, ‘तुझी दाढ मी काढली होती ना रे?’

‘जी.’

‘मग ही कुणाची?’

खाली पत्रा ठोकणं चालू होतं. तो अगदी हळू म्हणाला, ‘आपा, दाढ माझी आहे. कार्ड त्याचं आहे.’

त्याचं नाव मुबीन. युसुफच्याच गावचा, युसुफच्याच खोलीत राहणारा. ज्या कंपनीनं आणलं ती बंद पडली होती, नव्या कंपनीचं व्हिसाचं काम चालू होतं, आणि ते होईपर्यंत विमा नाही. दाढ काही व्हिसासाठी थांबली नाही. आपल्या लोकांच्या खोलीत एकाचं ते सगळ्यांचं असतं. चादर, चार्जर, घरून आलेलं लोणचं, लग्नाला जायचा शर्ट. त्यात कार्डही आलं. इतर कुणी फार तर कार्ड दिलं असतं. युसुफनं कार्ड दिलं आणि बरोबर सगळा युसुफ पाठ करून घेतला. जन्मतारीख, फोरमनचं नाव, आईचं नाव, मागच्या वेळी डॉक्टरीण काय बोलली तेही.

‘आणि दाढ काढली ते नाही सांगितलं?’

‘सांगितलं ना. तो बोलला, डॉक्टर दुखणारी दाढ बघते, नसलेली दाढ कोण बघतं?’

मला हसू आलं. खरं सांगते, आलं. मी सवयीनं कीबोर्डकडे वळले आणि सवयीनंच पुन्हा विचारलं, ‘बरं, तुला स्वतःला कुठल्या औषधाची ॲलर्जी?’

त्यानं मान खाली घातली, आणि माझं हसू तिथंच विरलं.

‘लहानपणी दवाखान्यात सुई दिली होती. मी निळा पडलो होतो. अम्मी सांगायची, पेनिसिलिन कधी घेऊ नकोस.’

‘अरे, मग आत्ता मला नाही का म्हणालास?’

‘युसुफला नाही ना,’ तो म्हणाला.

त्याचा हिशेब सरळ होता. कार्डावर नाही, तर तोंडानंही नाही म्हणायचं. पेनिसिलिन मिळालं तर खायचं नाही, बस. पण आम्ही लिहितो त्या गोळीच्या खोक्यावर पेनिसिलिन हा शब्दच नसतो. त्याच जातीचं दुसरंच लांबलचक नाव असतं. त्यानं ती खोलीवर जाऊन, पाण्याबरोबर, बिनघोर घेतली असती.

मी पुन्हा दिवा ओढला आणि आता नीट बघितलं. जिभेखालचा भाग वर आला होता, जीभ टाळूकडे ढकलली गेली होती. थुंकी गिळताना त्याचे डोळे मिटत होते, आवाज घोगरा झाला होता. ही सूज गळ्याकडे उतरत होती. अशी सूज श्वास अडवते, तिला हॉस्पिटलच लागतं. मी रोझाला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितली.

मुबीन खुर्चीतून उठलाच. ‘नको आपा. नुसती गोळी द्या. दुसरी कुठलीतरी. हॉस्पिटलात नाव लिहितील. माझा व्हिसा अटकेल, युसुफची नोकरी जाईल.’

‘बस खाली.’

‘मग युसुफच्या नावानं जातो. सगळं पाठ आहे मला.’

मी त्याचा दंड धरला. एरवी मी पेशंटवर आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. ‘त्याच्या नावानं गेलास तर ते हेच औषध थेट शिरेतून देतील. तिथं तुझी दाढ बघून ओळखणारं कुणी नाही. तू तिथं मरशील मुबीन, आणि कागदावर युसुफ मेला असं लिहितील. दोन घरांत रडारड करायची आहे का तुला?’

तो खाली बसला.

युसुफ खाली कंपनीच्या गाडीतच होता. वर आला असता तर एका नावाचे दोघे झाले असते, म्हणून बिचारा धुक्यात काच खाली करून बसला होता. रोझानं त्याला वर आणलं. दारातच म्हणाला, ‘आपा, गलती माझी आहे. कार्ड मी दिलं. त्याला काही करू नका, मला करा.’

‘मी कुणाला काही करत नाही. यल्ला, खाली जा आणि कोपऱ्यावर उभा राहा. ह्या धुक्यात ॲम्ब्युलन्सला गल्ली सापडायची नाही.’ ॲलर्जीचं आणि खोक्यावरच्या दुसऱ्या नावाचं मी त्याला सांगितलं, तसा तो जाता जाता वळला. ‘हे तू मला नाही बोललास,’ एवढंच मुबीनला म्हणाला, आणि जिना धावत उतरला.

रोझानं युसुफच्या नावाची भेट रद्द केली. विम्याकडून काही मागितलंच नव्हतं, त्यामुळे खोटं काही कुठं पोचलं नव्हतं. मुबीनच्या नावानं नवं पान उघडलं. मोबाइलमधल्या पासपोर्टच्या फोटोवरून नाव उतरवलं, सगळ्यात वर ॲलर्जी लिहिली, हॉस्पिटलसाठी चिठ्ठी छापली, खालच्या मोकळ्या जागेवर हातानं तिरकी रेघ ओढली. कॉम्प्युटरच्या काळात तिची काही गरज नव्हती, पण हात ऐकेना.

ॲम्ब्युलन्स आली ती आधी नुसता आवाज होती, मग लाल दिवे, मग गाडी. स्ट्रेचरवर घेताना त्यातल्या माणसानं विचारलं, ‘नाम क्या है?’

मुबीननं युसुफकडे बघितलं, मग माझ्याकडे. चिठ्ठी माझ्या हातात होती, मी उत्तर देऊ शकले असते. पण पुढे तिथं पोचल्यावर, चिठ्ठी इकडेतिकडे झाल्यावर, प्रत्येक दारात हाच प्रश्न येणार होता, आणि मी नसणार होते. मी गप्प राहिले. मनात मात्र अल्लाचं नाव घेत सगळे कलमे म्हणून झाले.

‘मुबीन,’ तो म्हणाला. जीभ वळत नव्हती तरी पुन्हा म्हणाला, ‘मुबीन. पेनिसिलिन नहीं. मुझे नहीं चलता.’

दारं लागली. गाडी धुक्यात शिरली आणि युसुफ आपल्या गाडीकडे पळाला. त्यानंतरचा दिवस मी कसा काढला मला आठवत नाही. लोक आले असतील, त्यांचे दात मी बघितले असतील. संध्याकाळी युसुफचा फोन आला. ‘ऑपरेशन झालं, आपा. बोलत नाहीये, पण बघतोय.’ मी हातमोजे काढले आणि बेसिनपाशी उभी राहून रडून घेतलं.

हॉस्पिटलनं आधी जीव वाचवला, कागद मग विचारले. नवी कंपनीही बरी निघाली, व्हिसा झाला. उन्हाळा लागता लागता मुबीन स्वतःचं कार्ड घेऊन दात साफ करायला आला, सोबत युसुफ. ती दाढ हॉस्पिटलात काढली होती, तेव्हा आता दोघांच्याही तोंडात एकाच जागी खिंड. युसुफ म्हणाला, ‘आपा, आता माझं कार्ड चाललं असतं.’ मी डोळे वटारले तसा तो दाराशी जाऊन उभा राहिला.

मुबीनच्या तोंडात थुंकी ओढायची नळी, गालात कापूस. स्क्रीनवर त्याच्या नव्या कार्डाचं कोरं पान, कारण त्या दिवशीचं पान पासपोर्टवरून उघडलेलं, कार्डाला जोडलेलं नव्हतं, आणि हे भरल्याशिवाय यंत्र पुढे जाईना. मी वैतागून नळी काढणार तोच दारातून आवाज आला. मुबीनचं पूर्ण नाव. जन्मतारीख. कंपनी. आईचं नाव. शुगर नाही, प्रेशर नाही.

‘ॲलर्जी पेनिसिलिन,’ युसुफ म्हणाला, ‘आणि तिच्या जातीच्या सगळ्या. खोक्यावर दुसरं नाव असलं तरी.’

मी वळून बघितलं. ‘हे सगळं कधी पाठ केलंस?’

‘त्याच दिवशी, आपा. ॲम्ब्युलन्सच्या मागे गाडी चालवत होतो. तिचे दिवे सोडले तर काहीच दिसत नव्हतं. म्हटलं, तिथं पोचेपर्यंत ह्याचा आवाज गेला, तर ह्याचं नाव सांगायला कुणीतरी पाहिजे.’